झाडांचें देणें

आपल्या मराठी भाषेंत ‘देणें’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. एखाद्याचा गळा गोड असला म्हणजे तें देवाचें देणें आहे असें आपण म्हणतों. आणि वाण्याच्या दुकानांतील उधारी चढली म्हणजे त्याचें देणें झालें असेंहि म्हणतों. एकाच शब्दानें दानाचाहि बोध होतो आणि ऋणाचाहि. जें आपणांस फुकट मिळालें तेंहि देणें, आणि जें फेडल्यावांचून सुटका नाहीं तेंहि देणेंच. हा केवळ भाषेचा योगायोग आहे, कीं आपल्या पूर्वजांच्या मनांत या दोन गोष्टी मुळांतच वेगळ्या नव्हत्या, याचा निर्णय व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनीं करावा. आम्हांस मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदमच कळले ते एका झाडामुळें. आणि तेंहि तें झाड नाहींसें झाल्यावर. त्या हकीकतीच्या निमित्तानें, झाडांवरील प्रेम पुस्तकांतून शिकतां येतें काय, आणि झाड किंवा झाडांविषयींचें पुस्तक दुसऱ्यास भेट देणें याचा नैतिक अर्थ काय, या प्रश्नांचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. आम्ही पुण्यांत ज्या गृहसंस्थेंत राहतों तिच्या आवारांत, आमच्या अभ्यासाच्या खोलीच्या खिडकीसमोर, एक जुनें झाड होतें. तें संस्थेनें लाविलेलें नव्हतें. इमारत उभी राहण्यापूर्वींपासून तें तेथें होतें. दरवर्षीं फाल्गुनाच्या सुमारास तें शेंड्यापासून खालपर्यंत तांबडेंलाल होऊन जाई. उत्तरपत्रिका तपाशीत असतां मान वर केली म्हणजे तें दिसे, आणि ‘काय सुंदर फुलें आलीं आहेत!’ असें म्हणून आम्ही पुन्हां मान खालीं घालीत असूं. २०१४ सालीं मोटारी उभ्या करण्यास जागा पुरेना म्हणून तें झाड काढावें असा ठराव संस्थेपुढें आला. आम्ही त्या वेळीं तिच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होतों. रीतसर अर्ज झाला, परवानगी मिळाली, तोडलेल्या झाडाच्या बदलीं नवीं रोपें लावण्याची अट पडली, आणि ती अट संस्थेनें पाळलीहि. त्या अर्जावर आमची सही आहे. झाडाच्या नांवासाठीं अर्जांत जी जागा होती ती दुसऱ्या कोणी भरली. काय भरलें तें आम्हीं वाचलेंहि नाहीं.

त्यानंतर दोन वर्षांनीं, दसऱ्याच्या संध्याकाळीं, आमची एक जुनी विद्यार्थिनी सोनें देण्यास घरीं आली. तिच्या हातांत आपट्याचीं पानें नव्हतीं. एक पुस्तक होतें. ‘सर, आपट्याच्या ओरबाडलेल्या फांद्या बाजारांत पाहवत नाहींत, म्हणून यंदां हें सोनें आणलें आहे,’ असें म्हणून तिनें नमस्कार केला. महाराष्ट्रांतील झाडांची ओळख करून देणारें तें एक सचित्र मराठी पुस्तक होतें. आम्हीं तिच्या कल्पनेचें कौतुक केलें आणि पुस्तक फडताळांत ठेवून दिलें. पुढें दिवाळीच्या सुटींत सहज चाळीत असतां एका पानावर आमचा हात थांबला. खिडकीसमोरचें झाड तेथें होतें. त्याचें नांव कुसुंब. कोठें कोठें त्यास कोशिंब असेंहि म्हणतात. चित्राखालीं लिहिलें होतें कीं वसंताच्या आरंभीं या झाडाचा जो लाल रंग दिसतो तो फुलांचा नसून कोंवळ्या पालवीचा असतो. फुलें हिरवट-पिवळीं व बारीक असून सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहींत.

ज्यांस आम्ही वर्षानुवर्षें फुलें म्हणून वाखाणीत होतों तीं फुलें नव्हतींच. खरीं फुलें त्याच वेळीं त्याच फांद्यांवर आलेलीं असत, आणि तीं आम्हीं एकदांहि पाहिलीं नाहींत. खिडकींतून बाहेर पाहिलें तों मोटारींचीं छपरें उन्हांत चमकत होतीं. त्या क्षणीं मनास जें वाटलें त्याला पश्चात्ताप म्हणावें कीं लाज, हें आम्हांस अजूनहि नक्की ठरवितां आलेलें नाहीं.

वाचक विचारतील, हें पुस्तक दोन वर्षें आधीं मिळालें असतें तर तुम्हीं सही केली नसती काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर कदाचित् केलीहि असती. शेजाऱ्यांची निकड खरी होती, आणि सभेंत एकट्यानें विरोध करण्याचें धैर्य आमच्या अंगीं कितपत आहे हें आम्ही जाणून आहों. परंतु मग ती सही आम्हीं जाणून केली असती. काय गमावीत आहों तें ठाऊक असून केली असती. अजाणतेपणीं झालेला अपराध सौम्य, असें आपण मानतों. पण जें अज्ञान दूर करणें सर्वस्वी आपल्या हातीं होतें, ज्यासाठीं चार पावलें चालून माळ्यास एक प्रश्न विचारणें पुरे होतें, तें अज्ञान सबब म्हणून पुढें करतां येईल काय? आम्हांस वाटतें, येणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. झाडांवरील प्रेम झाडाखालीं बसून उपजावें. पुस्तकांतून उपजलेलें प्रेम म्हणजे एक वाङ्मयीन शौक होय, असा आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो. आमच्यासारख्यांच्या शिक्षणानें या आक्षेपास पुष्कळच आधार दिला आहे. आम्ही पंचवीसांहून अधिक वर्षें इंग्रजी काव्य शिकवीत आहों. डॅफोडिल फुलांवरील वर्ड्‌स्वर्थची कविता किती वर्गांस शिकविली याची गणना नाहीं. परंतु डॅफोडिलचें फूल आम्हीं आजवर डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. न पाहिलेल्या फुलांवर आम्ही गहिंवरून बोलत असूं, आणि खिडकींतून दिसणाऱ्या झाडाचें नांव आम्हांस ठाऊक नसे. संस्कृत काव्याची गोष्टहि फारशी निराळी नाहीं. कदंब, शिरीष, कर्णिकार हीं नांवें आमच्या परिचयाचीं. पण तीं समासांतून. काव्यांतील कुसुंभ म्हणजे रंग देणारी करडई, हें कोशाच्या आधारें आम्ही वर्गांत सांगूं शकतों. कुसुंब नांवाचें एक झाड दाराशीं उभें आहे हें मात्र कोणत्याहि कोशानें आम्हांस सांगितलें नाहीं.

हा दोष एकट्या प्राध्यापकांचा आहे असेंहि नाहीं. तुकोबांनीं वनांतील झाडांशीं सोयरीक जोडली. तो अभंग आपल्या घराघरांत पाठ आहे. परंतु या सोयऱ्यांपैकीं दहांचीं नांवें सांगा म्हटलें तर आंबा, वड, पिंपळ यांच्या पुढें आपली गाडी फारशी जात नाहीं. चिंचवड, वडगांव, पिंपळगांव, जांभूळवाडी हीं नांवें आपण रोज उच्चारतों, आणि त्या नांवांत एकेक झाड उभें आहे हें आपल्या ध्यानींमनींहि नसतें. ज्या सोयऱ्यांचीं नांवें आठवत नाहींत त्यांच्यावरील प्रेमाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसास गांवांत काय म्हणतील तें सांगावयास नको.

मग दोष पुस्तकांचा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. खेड्यांतील जाणत्या माणसास झाडांची ओळख पुस्तकावांचून असते हें खरें. परंतु ती त्यासहि कोणीतरी दिलेलीच असते. गुरें राखतांना बापानें एक झाड दाखविलें, दुखण्यांत आजीनें एका सालीचा काढा दिला, असें हें ज्ञान हातोहात चालत येतें. जेथें तो हात तुटला तेथें पुस्तकाचा हात पुढें येतो, एवढाच फरक. पुस्तक हें त्या जुन्या देण्याचेंच एक लांबलेलें रूप होय.

याचें एक ठळक उदाहरण आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच घडलेलें आहे. सतराव्या शतकांत कोचीन येथील डच अधिकारी व्हान रेडे यानें मलबारांतील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत अ‍ॅमस्टरडॅम येथें प्रसिद्ध झाले. त्यांतील ज्ञान कोठून आलें? इट्टी अच्युतन् नांवाच्या मलयाळी वैद्याकडून, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांकडून. आपण दिलेली माहिती खरी आहे अशीं या मंडळींचीं प्रमाणपत्रें त्यांच्या त्यांच्या लिपींत पहिल्या खंडांत छापलेलीं आहेत. ज्यांनीं ज्ञान दिलें त्यांच्या देशांत मात्र लॅटिन वाचणारा विरळा. पुढें के. एस्. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें खर्चून केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. दिलेलें ज्ञान देणाऱ्यांच्या वंशजांकडे परत येण्यास सव्वातीनशें वर्षें लागलीं. अशा ग्रंथास केवळ कागदी म्हणून हिणवितां येईल काय?

महाराष्ट्रांतहि हें काम झालें आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या जुन्या महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींची मोठी नोंद १९०१ ते १९०८ या काळांत इंग्रजींत प्रसिद्ध केली. परंतु ती अभ्यासकांची वही. घरांतील माणसांच्या हातीं देण्याजोगें पुस्तक तें नव्हे. तें काम दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’नें केलें. १९५६ सालीं आलेल्या त्या लहानशा पुस्तकानें मराठी वाचकास प्रत्येक महिन्याचें झाड निराळें असतें हें शिकविलें. वनखात्यांत आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं आपल्या एका पुस्तकास ‘जंगलाचं देणं’ असें नांव दिलें. तें नांव वाचतांना पूर्वीं आमच्या मनांत ‘देणगी’ एवढाच अर्थ येत असे; आतां त्यांतील दुसरा अर्थहि ऐकूं येतो.

पुस्तक नेमकें काय देतें? आमच्या मतें तें प्रथम नांव देतें. नांव कळलें म्हणजे झाड कळलें असें नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु नांवानें एक गोष्ट निश्चित घडते : ‘एक झाड’ होतें त्याचें ‘हें झाड’ होतें. अनोळखी माणसास दारावरून परत लावणें सोपें असतें. नांवानें ओळखीच्या माणसास तसें लावतां येत नाहीं. ‘आवारांतील एक अडचणीचें झाड’ काढण्याच्या अर्जावर आमची लेखणी झरकन् फिरली. ज्याच्या लांकडाच्या कठीणपणामुळें पूर्वीं तेलाच्या घाण्यांसाठीं तें निवडीत, ज्याच्या बियांचें तेल निघतें, ज्याच्या फांद्यांवर पोसलेल्या किड्यांची लाख उत्तम समजतात, आणि ज्याची पालवी फुलांनाहि मागें सारते, तें कुसुंबाचें झाड काढण्याच्या अर्जावर ती निदान क्षणभर तरी थबकली असती. नीतीचा आरंभ पुष्कळदां अशा क्षणभराच्या थबकण्यांतच असतो.

परंतु पुस्तकांत एक धोकाहि आहे, व तो लपविणें बरें नव्हे. वाचून जें सुख होतें त्यालाच वाचक कर्तव्य समजूं लागतो. अरण्याच्या वर्णनानें डोळे पाणावले म्हणजे अरण्याचें आपण कांहीं देणें लागतों तें फिटलें असें त्यास वाटतें. आणि ज्या कागदावर तें वर्णन छापलेलें असतें तो कागद वेळूचा किंवा लांकडाचा लगदा करूनच झालेला असतो, हें तो विसरतो. झाडावरील प्रत्येक पुस्तक हें अशा रीतीनें अगोदरच ऋणांत जन्मलेलें असतें. तें वाचून वाचक उठला नाहीं, बाहेर गेला नाहीं, एखाद्या झाडाखालीं थांबून त्यानें मान वर केली नाहीं, तर तें ऋण पुस्तकाकडेहि राहिलें आणि वाचकाकडेहि.

येथें कालिदासाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकांत शकुंतला सासरीं निघते तेव्हां कण्व मुनि तपोवनांतील झाडांची अनुज्ञा मागतात. झाडांस पाणी घातल्यावांचून ही स्वतः पाणी पीत नसे, आणि शृंगाराची आवड असूनहि तुमचें पान तोडीत नसे, अशी तिची ओळख ते झाडांस करून देतात. त्याच अंकांत झाडेंहि तिला देणग्या देतात : एक झाड रेशमी वस्त्र देतें, दुसरें पायांस लावण्यासाठीं लाखेचा रस स्रवतें, इतर वृक्षांतून वनदेवतांचे हात अलंकार पुढें करतात. हा अंक आम्हीं पूर्वीं कितीदां तरी वाचला होता, आणि त्यांतील करुण रसावर आम्ही भाषणेंहि केलीं आहेत. पण त्यांतील व्यवहाराकडे आमचें लक्ष गेलें तें लाखेचा रस आणि कुसुंबावरील लाख यांचा संबंध मनांत जुळल्यावर. झाडें देतात, परंतु कोणास? जिनें हात आवरला होता तिला. प्रेमाची पहिली खूण आपण काय देतों यांत नाहीं; आपण काय घेत नाहीं यांत आहे. शृंगाराची आवड नसलेल्या मुलीनें पान तोडलें नाहीं तर त्यांत विशेष तें काय? आवड असून तोडलें नाहीं, हें कवीनें मुद्दाम सांगितलें आहे.

हा हात आवरण्याचा धर्म आपल्याकडे केवळ काव्यांत राहिलेला नाहीं. सह्याद्रींतील देवराया हें त्याचें प्रत्यक्ष रूप. देवाच्या नांवानें राखलेल्या या रानांतून झाड तोडणें तर दूरच, कित्येक ठिकाणीं वाळलेली काडीहि घरीं नेत नसत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व शास्त्रज्ञांच्या नजरेस आणून दिलें. राजनीतींतहि या धर्माचा उच्चार झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, जें १७१५ च्या सुमाराचें मानतात, आरमारासाठीं लांकूड कसें मिळवावें याचा विचार आहे. आंबे, फणस हींहि आरमाराच्या उपयोगाचीं. परंतु त्यांस हात लावूं देऊं नये, असें तेथें बजाविलें आहे. कारण दिलें आहे तें पाहण्यासारखें आहे : हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या लेंकराप्रमाणें दीर्घ काळ वाढविलेलीं असतात, तीं तोडल्यावर तिच्या दुःखास पार राहणार नाहीं. राज्याच्या गरजेपुढें झाडाचें वय आणि लावणाऱ्याचें दुःख हीं दोन्ही तोलून पाहिलीं गेलीं. आमच्या गृहसंस्थेच्या सभेंत यांपैकीं एकहि गोष्ट तोलली गेली नाहीं, हें आम्ही खेदानें नमूद करतों.

आतां भेटींचा विचार करूं. हल्लीं सभासंमेलनांत पुष्पगुच्छाऐवजीं रोप देऊन पाहुण्यांचा सत्कार करण्याची चाल पडली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवांत रोपांचें वाण लुटणाऱ्या भगिनीहि पुष्कळ आहेत. ही चाल गुच्छापेक्षां खचित चांगली. परंतु आमच्या पदरीं अशीं जीं रोपें आजवर आलीं त्यांचा हिशेब मांडतां आम्हांस संकोच होतो. बहुतेक गॅलरींत काळ्या पिशवींतच सुकून गेलीं. देणाऱ्यानें छायाचित्र निघेपर्यंत तें हातांत धरलें. घेणाऱ्यानें घरीं पोंचेपर्यंत. रोप भेट देणें म्हणजे वस्तु देणें नव्हे; निदान तीन उन्हाळ्यांचें पाणी मागणें होय. मुलगी देतांना घर पाहतात, त्याप्रमाणें रोप देतांना घेणाऱ्याजवळ जमीन आहे काय, पाणी आहे काय, आणि मुख्य म्हणजे चित्त आहे काय, हें पाहावयास नको काय? वटपौर्णिमेस वडाची फांदी तोडून घरीं आणून तिची पूजा करणें आणि रोप देऊन विसरणें या दोहोंत, थोडा विचार केला तर, फारसें अंतर नाहीं. दोन्हींत झाडाच्या नांवानें आपलें कार्य उरकलेलें असतें.

दसऱ्याच्या सोन्याचीहि तीच गत झाली आहे. आपट्याचीं पानें देण्याच्या चालीमागें कौत्साची कथा सांगतात. ती कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पांचव्या सर्गांत आहे, आपट्याचें झाड तींत लोकपरंपरेनें मागाहून जोडलें. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठीं चौदा कोटि मागावयास रघूकडे येतो. रघूनें तर यज्ञांत सर्वस्व देऊन टाकलेलें असतें. कुबेर सुवर्णाची वृष्टि करतो. रघु म्हणतो, हें सारें तुझ्यासाठीं आलें, सारें घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूचें देणें आहे तेवढेंच मी घेईन. देणारा अधिक देऊं पाहतो, घेणारा अधिक घेत नाहीं. आणि अयोध्येचे लोक दोघांचीहि वाखाणणी करतात. देणें या शब्दाचे दोन्ही अर्थ येथें एकमेकांस भेटतात. या कथेच्या स्मरणार्थ आपण झाडास ओरबाडावें, आणि पुष्कळदां आपटा म्हणून कांचनाचीं पानें विकत घ्यावीं व तींहि दुसऱ्या दिवशीं केरांत टाकावीं, यापरता विपर्यास कोणता? आमच्या विद्यार्थिनीनें पानांऐवजीं पुस्तक आणलें तेव्हां तिनें कौत्साची कथा आमच्यापेक्षां अधिक चांगली वाचली होती, असें आतां वाटतें.

कोणी म्हणेल, कायद्याप्रमाणें बदलीचीं रोपें लावलींत, मग देणें उरलें कोठें? महाराष्ट्रांत शहरांतील झाडांच्या रक्षणासाठीं १९७५ चा कायदा आहे; तो आहे म्हणूनच परवानगी मागावी लागते व रोपें लावावीं लागतात, हें मोठेंच उपकार. परंतु कायद्याचें गणित संख्येचें असतें, आणि तें तसेंच असावें लागतें. नैतिक गणित निराळें. पन्नास-साठ वर्षांच्या झाडाच्या बदलीं लावलेलें हातभर उंचीचें रोप तीं वर्षें परत आणीत नाहीं. त्या झाडावर जे पक्षी वसतीस येत ते रोपाच्या वाढीची वाट पाहत थांबत नाहींत. सावकाराचें देणें फेडलें कीं पावती मिळते. या देण्याची पावती देणारा कोणी नाहीं. याचा अर्थ तें देणें नाहीं असा नव्हे. तें फिटत नाहीं एवढाच. आईबापांचें, गुरूचें देणेंहि फिटत नाहीं. म्हणून शहाणी माणसें तें फेडल्याचा आव आणीत नाहींत. तें पुढच्या पिढीस देत राहतात.

जां जिओनो या फ्रेंच लेखकाची झाडें लावणाऱ्या माणसाची एक गोष्ट आहे. ती १९५३ च्या सुमारास लिहिली गेली. प्रोव्हान्समधील उजाड डोंगरांत एक एकाकी मेंढपाळ रोज शंभर निवडक ओकचीं बीजें जमिनींत पेरतो. जमीन कोणाची हेंहि त्यास ठाऊक नसतें. तीन वर्षांत लाख बीजें पेरलीं, त्यांतून वीस हजार उगवलीं, आणि त्यांतलींहि निम्मीं जातील असें तो शांतपणें सांगतो. पुष्कळ वाचकांस हा माणूस खरा वाटला. १९५७ सालीं एका अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत जिओनोनें तो काल्पनिक असल्याचें मान्य केलें, आणि लोकांस झाडें लावण्याची गोडी लागावी एवढाच आपला हेतु होता असें सांगितलें. गोष्ट खोटी म्हणून तिचें मोल कमी झालें काय? ती वाचून कोणी एक बीं जमिनींत घातलें असेल तर तेवढ्यापुरती ती खरी झाली. कोणींच घातलें नसेल तर मेंढपाळ खरा असूनहि ती खोटीच राहिली असती. पुस्तकांतील प्रेम खरें कीं खोटें, याचा निर्णय अशा रीतीनें पुस्तकाबाहेर लागतो.

आमच्यापुरता आम्हीं जो निर्णय केला तो सांगून हा लेख पुरा करतों. पुस्तकांत पाहिलेलें कुसुंब प्रत्यक्ष पाहावें म्हणून त्या वर्षीं फाल्गुनांत आम्ही घराबाहेर पडलों, आणि महाविद्यालयाच्या वृद्ध माळ्यानें तें आम्हांस आवाराच्या मागील अंगास दाखविलें. इतकीं वर्षें तें तेथेंच होतें. ‘सर, हें तुम्हांला ठावं नव्हतं व्हय?’ असें त्यानें विचारलें, तेव्हां काय उत्तर द्यावें तें सुचेना. त्याच्या मदतीनें पावसाळ्याच्या तोंडीं खालीं पडलेलीं ताजीं बीजें वेंचून आम्हीं पिशव्यांत लावलीं. त्यांपैकीं तीन रोपें धरलीं. पुढें एक गुरांनीं खाल्लें, एक उन्हाळ्यानें नेलें. जें राहिलें तें आतां आमच्या डोक्याच्या वर गेलें आहे. कुसुंब हें सावकाश वाढणारें झाड. खिडकीसमोरच्या झाडाएवढें तें होईल तेव्हां तें पाहावयास आम्ही नसूं, हें उघड आहे. त्यानें आमची सही पुसली जात नाहीं, हेंहि तितकेंच उघड आहे.

त्या विद्यार्थिनीचें पुस्तक आतां आम्ही दरवर्षीं एकदोघां तरुणांस विकत घेऊन देतों. मात्र देतांना एक अट घालतों. त्यांतील एक तरी झाड आपल्या घराजवळ शोधून काढावें, आणि वर्षभर दर महिन्यास त्याच्यापाशीं जाऊन यावें. कांहींजण हंसतात, कांहींजण विसरतात. गेल्या वर्षीं एका मुलानें येऊन सांगितलें कीं त्यांच्या रस्त्यावरील एक झाड रुंदीकरणांत जाणार होतें, आणि त्यावर हरकत घेण्याच्या अर्जांत त्यानें झाडाचें नांव लिहिलें. ‘अर्जाचें काय झालें?’ असें आम्हीं विचारलें. ‘निकाल अजून लागायचा आहे, सर,’ तो म्हणाला. निकाल काय लागेल तो लागो. अर्जांतील ती जागा या खेपेस ज्यानें भरली त्याला झाडाचें नांव ठाऊक होतें.